ताजा कलमातली माशी

वाचकाचे पत्र

गेले वर्षभर मी रोज रात्री वहीत काही ना काही लिहिते. घर, कार्यालय, छंद, येता-जाता दिसलेल्या लहानसहान गोष्टी, असे सगळे त्यात असते. परवा ती वही पहिल्या पानापासून वाचली आणि खजील झाले. निम्म्या पानांवर ‘आज विशेष काही नाही’ आणि उरलेल्यांवर ‘पाऊस छान पडला’, ‘मन प्रसन्न झाले’ एवढेच. जलरंग, कुंड्यांतली झाडे, छायाचित्रण आणि आकाशदर्शन असे चार छंद मी धरले आणि सोडले. माझी नणंद याला धरसोड म्हणते. यजमानांनी एकदा वही चाळली आणि ‘माझ्याबद्दल कशाला लिहितेस’ म्हणून ते दुखावले. माझे आयुष्यच लिहिण्याइतके मोठे नाही, असे आता वाटू लागले आहे. लिहिणे थांबवावे का? आणि भरलेल्या वह्या ठेवाव्यात की रद्दीत घालाव्यात?

ता. क. हे लिहीत असताना खिडकीच्या चौकटीवर एक बारीक कमरेची माशी मातीची गोळी घेऊन येते आहे. उडताना तिचा आवाज एक असतो आणि माती लावू लागली की तो वेगळाच, चिरका होतो. आत्ता ती पुन्हा गेली.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

लिहिणे थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी तुमची समजूत घालण्यासाठी सांगत नाही. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पत्राच्या मुख्य भागात तुम्ही स्वतःविषयी बरेच निकाल देऊन टाकले आहेत: आयुष्य लहान आहे, छंद टिकत नाहीत, वहीत काही नाही. या निकालांवरून तुमच्या घराचे, दिवसाचे किंवा स्वभावाचे कोणतेही चित्र माझ्यापुढे उभे राहिले नाही. ताजा कलम लिहिताना मात्र तुम्ही काहीच ठरवायला बसला नव्हता. समोर माशी होती, ती काय करते ते तुम्ही पाहिले आणि ऐकले, आणि जसे होते तसे उतरवले. माती लावताना तिचा आवाज बदलतो ही गोष्ट अशाच खिडकीपाशी रोज उभ्या राहणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येत असेल, हा प्रश्न मला ते वाक्य वाचताच पडला.

तेव्हा अडचण आयुष्याच्या आकाराची नाही. वही उघडली की तुम्ही दिवसाचा निकाल लावायला बसता, ही खरी अडचण आहे. ‘आज विशेष काही नाही’ हा निकाल आहे, ‘पाऊस छान पडला’ हाही निकालच आहे, आणि एकदा निकाल लागला की प्रकरण बंद होते; दुसऱ्या दिवशी त्यात भर घालायला जागाच राहत नाही. माशीचे वाक्य अपुरे आहे, म्हणूनच ते जिवंत आहे. ‘आत्ता ती पुन्हा गेली’ असे लिहिल्यावर ती परत येईल का, किती वेळाने येईल, कोठून येईल, हे प्रश्न आपोआप मागे लागतात. नवे काही घडण्याची वाट पाहण्यापेक्षा पाहिलेल्या एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जावे आणि मागच्या वेळी काय पाहायचे राहिले होते ते दर वेळी लिहावे, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे. पुढचे सर्व याच एका सल्ल्याचा विस्तार आहे.

तुमच्या वर्णनावरून ती माशी कुंभारीण असावी. ही एकटी राहणारी माशी आहे. तिला पोळे नसते आणि तिचे घर बांधणारी नेहमी मादीच असते. ओल्या जागेवरून ती मातीची गोळी जबड्यात धरून आणते आणि घराच्या कडेवर ती पसरताना आपले अंग थरथरवते. त्या थरथरीने ओली माती मऊ होऊन नीट बसते, आणि तुम्ही ऐकलेला चिरका आवाज हा त्या थरथरीचाच आहे. अशा अनेक गोळ्यांतून बोटाच्या पेराएवढी एक पोकळ नळी तयार होते. मग एखाद्या दिवशी मातीच्या खेपा थांबलेल्या तुम्हाला दिसतील आणि माशी पायांत काहीतरी लुळे धरून येईल. नीट पाहिलेत तर तो कोळी असेल. असे अनेक लहान कोळी ती त्या नळीत भरते, त्यांतल्या एकावर अंडे घालते, तोंड मातीने लिंपून टाकते आणि शेजारी दुसरी नळी सुरू करते. काही नळ्या झाल्या की सगळ्यांवरून मातीचा जाड लेप देते आणि निघून जाते. घराची राखण ती करीत नाही. आत अळी कोळ्यांवर वाढते, कोष करते, आणि उबदार हवेत काही आठवड्यांनी त्या मातीला वाटोळे भोक पडून नवी माशी बाहेर येते. कुंभारीण सहसा कोणाला डसत नाही, म्हणून चौकट पुसण्याची घाई नसेल तर भोके पडेपर्यंत ते घर राहू द्यावे.

हे सगळे मी आधीच सांगून टाकले म्हणजे तुमच्यासाठी काही उरले नाही, असे समजू नका. एवढी माहिती कोठेही मिळते. तुमच्या चौकटीवरची माशी दोन खेपांच्या मध्ये किती वेळ घेते, सकाळी जास्त येते की दुपारी, दर वेळी एकाच बाजूने येते का, गोळी हातची निसटून खाली पडली तर ती उचलते की नवी आणायला जाते, आणि तुम्ही चौकटीला लागून उभ्या राहिलात तर ती थांबते की तुम्हाला वळसा घालून कामाला लागते, हे फक्त तुम्हालाच कळू शकते. शिवाय त्या भोकातून कुंभारीणच बाहेर येईल याचीही खात्री नसते. तिच्या घरात चोरून अंडी घालणाऱ्या दुसऱ्या माश्या असतात आणि कधी कधी अनपेक्षित प्राणीच बाहेर पडतो.

याच माशीच्या बाबतीत आपल्याकडे पाहण्याचे एक जुने आणि बोलके उदाहरण आहे. कीटक भृंगाचा, म्हणजे मातीचे घर बांधणाऱ्या अशाच माशीचा, ध्यास घेतो आणि शेवटी स्वतःच भृंग होतो, हा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयात आणि कीर्तनांत पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला आहे. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच आहे आणि ध्यासाविषयी त्यातून जे सांगायचे ते त्याने नेमके सांगितले आहे. परंतु त्याच्या मुळाशी कोणीतरी केलेले खरे निरीक्षण असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते: मातीच्या घरात अळी नेलेली त्याने पाहिली आणि काही दिवसांनी त्याच घरातून माशी बाहेर पडलेली पाहिली. या कुळातल्या काही माश्या कोळ्यांऐवजी अळ्याच आणतात, म्हणून ते दृश्य चुकीचे नव्हते. त्याने सुरुवात पाहिली, शेवट पाहिला. मधले काही पाहिले नाही. ते अंडे आणि ती खाणारी अळी दृष्टीआड राहिली आणि ती जागा कल्पनेने भरून काढली.

हीच चूक कसलेल्या अभ्यासकांकडूनही होते. एकोणिसाव्या शतकात लेओं द्युफूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने अशाच एका शिकारी माशीच्या घरात साठवलेले भुंगेरे तपासले. ते मेलेले असूनही दिवसेंदिवस ताजे कसे राहतात, याचे उत्तर म्हणून त्याने असे मानले की माशी त्यांत न कुजू देणारे काहीतरी औषध सोडत असावी. झां-आंरी फाब्र या शाळामास्तराने तो लेख वाचला आणि स्वतः माश्यांच्या बिळांपाशी जाऊन बसला. १८५५ मध्ये त्याने दाखवून दिले की शिकार मेलेलीच नसते. माशीचा डंख तिच्या मज्जातंतूंच्या केंद्रावर बसतो आणि ती जिवंत असूनही हलू शकत नाही. फाब्रजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती आणि पगार तुटपुंजा होता. द्युफूरने घरातली साठवण पाहिली होती. फाब्रने साठवण होण्याच्या आधीचा क्षण पाहिला, तोही एकदा पाहून समाधान न मानता. तुमच्या वहीत जे कमी पडते ते हेच मधले आहे, आणि ते मिळवायला मोठे आयुष्य लागत नाही.

आता हे वहीत कसे आणायचे ते पाहू. ‘पाऊस छान पडला’ हे वाक्य घ्या. त्या दिवशी तुम्ही खिडकीत उभ्या होता असे समजू. पाऊस थांबल्यावरही समोरच्या पत्र्यावरून पाणी पडत राहते. आधी सगळ्या पन्हळींतून एकदम धारा लागलेल्या असतात, मग त्या तुटून थेंब होतात, आणि बराच वेळाने एकाच पन्हळीच्या टोकाला थेंब धरत आणि सुटत राहतो, बाकीच्या कोरड्या झालेल्या असतात. तीच पन्हळ शेवटपर्यंत का वाहते? ती जरा खाली वाकलेली आहे का? पुढच्या पावसात पाहायला तुमच्याजवळ काहीतरी झाले. यात एकही मोठा शब्द नाही आणि पाऊस छान होता की नाही हे लिहिलेलेही नाही, परंतु सहा महिन्यांनी हे पान वाचताना ती संध्याकाळ तुम्हाला परत मिळेल. ‘छान’ या शब्दातून कोणतीच संध्याकाळ परत मिळत नाही, कारण तो सगळ्याच संध्याकाळींना चालतो.

‘मन प्रसन्न झाले’ याविषयीही असेच. भावना लिहू नयेत असे सांगणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही. पण जी भावना कोणत्याही दिवशी कोणत्याही पानावर चिकटवता येते तिला त्या दिवसाची खूण नसते. म्हणून आधी जे दिसले ते लिहावे आणि नंतर, वाटलेच तर, मनाचे लिहावे. पुष्कळदा असे होते की पहिला भाग नीट उतरला की दुसऱ्याची गरज राहत नाही. आणि कधी कधी असेही होते की पाहिलेल्याने मन प्रसन्न झालेलेच नसते, उगीच अस्वस्थ झालेले असते. सवयीने ‘प्रसन्न’ लिहिले असते तर ते कळलेच नसते.

तारीख आणि शक्य तर वेळ मात्र न चुकता घालावी. हा हिशेबनीसाचा आग्रह वाटेल, पण एकाच गोष्टीकडे परत जाण्याचा सगळा अर्थ तारखेवर उभा असतो. चार्ल्स डार्विनने १८४२ च्या डिसेंबरात एका कुरणावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि १८७१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणून पाहिला. खडूचा पांढरा थर जमिनीच्या ७ इंच खाली गेलेला होता, कारण गांडुळे खालची माती वर आणून टाकीत राहिली होती. त्या २९ वर्षांत रोज तेथे जाऊन बसण्याची त्याला गरज पडली नाही. केव्हा पसरले हे लिहून ठेवलेले होते, म्हणून शेवटचे मोजमाप करता आले. तुमच्या घरातही अशा सावकाश चालणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात. एखाद्या ठरावीक वेळी खोलीत पडणारा उन्हाचा कवडसा फरशीवर कोठपर्यंत येतो, त्याची खूण दर आठवड्याला करून ठेवली तर वर्षभरात तो किती सरकतो आणि कोठून माघारी फिरतो हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मात्र खुणेशेजारी तारीख नसेल तर ती खूण फरशीवरचा डाग म्हणूनच राहील.

दुसरी एक गोष्ट मला तुमच्या वहीत खटकली, ती ‘रोज रात्री’ ही अट. ‘आज विशेष काही नाही’ हे वाक्य बहुतेक या अटीनेच लिहवून घेतलेले आहे. दिवसभराचे काम उरकून, डोळे मिटत असताना, काहीतरी लिहिलेच पाहिजे म्हणून बसले की हातून असेच वाक्य उतरते. ज्या दिवशी काही पाहिले नाही तो दिवस कोरा सोडावा. कोऱ्या पानाची लाज वाटण्याचे कारण नाही. उलट ज्या वेळी काही दिसेल त्याच वेळी, जागेवरच, कागदाच्या चिटोऱ्यावर चार शब्द टिपून ठेवावेत. ‘पन्हळ, उजवीकडून तिसरी, शेवटपर्यंत’ एवढे चिटोऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवशी सावकाश लिहायला पुरते. रात्रीपर्यंत थांबले की पन्हळ कितवी होती हे हमखास विसरते आणि वाक्य पुन्हा ‘पाऊस छान’कडे घसरते.

आता छंदांचे. नणंदेच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हे नाकारत नाही, परंतु ‘धरसोड’ हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो, कारण तुम्ही सांगितलेल्या चार छंदांत तुमची आवड एकच दिसते. रंगवणे, झाडे वाढवणे, छायाचित्रे काढणे आणि आकाश पाहणे, या सगळ्यांत मुख्य काम डोळ्यांचे आहे. तुम्ही एका गोष्टीला चार दारांनी भेटून आलात. छंद सुटले ते का सुटले हे तुम्ही लिहिलेले नाही, पण सर्वसाधारण अनुभव असा आहे की छंदाचे साहित्य जमवण्यात पहिला उत्साह संपतो, मग शिकण्याचा कंटाळवाणा टप्पा येतो, आणि त्या टप्प्यात दुसऱ्यांची सुबक कामे पाहून आपले काम फिके वाटू लागते. या टप्प्यातून पार पडण्याचा मला माहीत असलेला एकच उपाय म्हणजे छंदाचा विषय अगदी लहान करून टाकणे. ‘आकाशदर्शन’ हा फार मोठा विषय आहे. ‘आमच्या गच्चीवरून चंद्र केव्हा आणि कोठे उगवतो’ हा झेपणारा विषय आहे. चंद्र रोज सरासरी सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, पण हे अंतर प्रत्येक दिवशी सारखे नसते आणि उगवण्याची जागाही क्षितिजावर डावी-उजवीकडे सरकत राहते. त्याला दुर्बीण लागत नाही. ज्या इमारतीच्या किंवा झाडाच्या कडेवरून तो वर आला तिचे नाव आणि वेळ, एवढी नोंद पुरे.

छायाचित्रणाविषयी थोडे सावध करावेसे वाटते. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका संग्रहालयात केलेला प्रयोग येथे उपयोगी पडेल. लोकांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींची छायाचित्रे काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे काढली होती त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. परंतु ज्यांच्या एखाद्याच भागाचे जवळून छायाचित्र घेतले होते त्यांच्याबाबत ही घट दिसली नाही. वस्तूचा जो भाग चौकटीत आला नव्हता तोही त्यांना चांगला आठवत होता. मला यातून घेण्याजोगे वाटते ते असे की कॅमेरा वाईट नाही, पण ‘हे सगळे घेऊन ठेवू, नंतर पाहू’ ही वृत्ती पाहणे संपवून टाकते. म्हणून छायाचित्र काढायचेच असेल तर आधी वहीत दोन ओळी लिहाव्यात आणि मग जो तपशील लिहिला त्याचेच जवळून घ्यावे. जलरंगांचेही असेच म्हणता येईल: निसर्गदृश्य राहू द्या, कुंडीतल्या झाडाचे एक पान रंगवा, आणि पंधरा दिवसांनी तेच पान पुन्हा रंगवा. कडेला आलेला पिवळेपणा, किड्याने पाडलेले छिद्र, देठाचा बदललेला रंग, हे सर्व ब्रश हातात असताना जसे दिसते तसे एरवी दिसत नाही. अशा रीतीने सुटलेले तीन-चार छंद एकाच कुंडीभोवती परत येऊ शकतात.

येथे सलीम अली यांची आठवण होणे साहजिक आहे. १९३० च्या सुमारास हातात नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहायला गेले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे रोज पाहू लागले. सुगरण हा अगदी सगळ्यांच्या ओळखीचा पक्षी, त्याची लोंबती घरटी लहान मुलेसुद्धा जमवतात. तरीही सलग पाहिल्यावर असे निघाले की नर अर्धवट घरटी बांधून ठेवतो, माद्या येऊन ती पारखतात, पसंत पडलेले घरटे मग तो पुरे करतो, आणि मादी अंड्यांवर बसली की दुसरे घरटे बांधायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखापर्यंत हे कोणी असे उलगडून दाखवले नव्हते. रिकामा वेळ आणि नेहमीचाच पक्षी, एवढ्यावर ते काम उभे राहिले.

यजमानांच्या रागाचा विषय यापेक्षा नाजूक आहे आणि त्यात मी त्यांची बाजूही समजून घेतो. वही चाळण्यापूर्वी त्यांनी विचारायला हवे होते, हे त्यांना शांतपणे सांगावे. पण दुसऱ्याच्या वहीत आपले नाव अचानक दिसणे कोणालाही सुखाचे नसते, आणि त्यातही ते नाव निकालासकट असेल तर दुखावणे स्वाभाविक आहे. तुम्ही काय लिहिले होते ते तुम्ही कळवलेले नाही. ‘आज हे पुन्हा विनाकारण चिडले’ अशा जातीचे ते असेल, असा माझा तर्क आहे. निकाल आणि पाहणे यांतला फरक येथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ‘चिडले’ या शब्दात तुमचा निर्णय आहे. ‘वर्तमानपत्राची घडी तीनदा मोडून पुन्हा घातली आणि शेवटी न वाचताच ठेवून दिली’ यात निर्णय नाही. वाचणारा, मग तो तेच असोत, स्वतःला ओळखून कदाचित हसेलही. तरीसुद्धा माझा सल्ला असा की घरच्यांची दुखणी, पैशांच्या अडचणी आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी वहीत आणू नयेत. ती त्यांची मालमत्ता आहे. त्यांच्यामुळे तुमच्या दिवसात काय बदलले, तेवढे लिहिण्याचा हक्क तुमचा.

ज्यांना हा संयम जमत नाही त्यांनी सॅम्युएल पेपिसचा मार्ग धरलेला बरा. त्याने १६६० पासून १६६९ पर्यंत लंडनमधली आपली रोजनिशी लघुलिपीत लिहिली आणि फारच खासगी मजकुरात परक्या भाषांचे शब्द मिसळले. एकोणिसाव्या शतकात ती लघुलिपी उलगडायला एका तरुणाला सुमारे तीन वर्षे लागली. बायकोशी झालेली भांडणेसुद्धा त्याने त्यात बिनदिक्कत लिहिली आहेत. ती रोजनिशी त्याने थांबवली त्याचे कारणही सांगण्यासारखे आहे: लिहिण्याने डोळे जातील अशी त्याला भीती पडली होती. डोळे गेले नाहीत आणि तो १७०३ पर्यंत जगला, पण रोजनिशी मात्र परत सुरू झाली नाही. तुम्हाला लघुलिपी शिकण्याचा आग्रह मी करणार नाही. यजमानांना एखादे पान स्वतःहून वाचून दाखवणे त्यापेक्षा सोपे आहे, आणि त्यासाठी त्यांच्याविषयी नसलेले पान निवडावे.

नणंदेला उत्तर देण्याच्या भरीस पडू नका. वही दाखवून आपण धरसोड करीत नाही हे सिद्ध करायला गेलात तर वही तिच्यासाठी लिहिली जाऊ लागेल.

राहिला जुन्या वह्यांचा प्रश्न. त्या रद्दीत घालू नयेत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी पेन्सिल घेऊन बसावे आणि फक्त एकच गोष्ट शोधावी: ज्या ओळीत एखादी वस्तू, जागा, आवाज किंवा हालचाल नावानिशी आली आहे तिच्या समासात रेघ मारावी. पहिल्या वाचनात तुम्हाला वाटले तितक्या वह्या रिकाम्या नसाव्यात, कारण ज्यांना ताजा कलमातली माशी दिसते त्यांच्या हातून वर्षभरात आणखीही काही उतरलेच असणार. रेघ मारलेल्या ओळी एका कोऱ्या पानावर तारखांसह एकाखाली एक लिहून काढाव्यात. त्यांत काही गोष्टी दोनदा-तीनदा आलेल्या सापडतील, एखादी कुंडी, एखादा जिना, शेजारच्या घरातून येणारा एखादा आवाज. पुढच्या वर्षासाठी त्यांतल्या फार तर दोन निवडाव्यात. उरलेली ‘विशेष काही नाही’ची पाने फाडू नका आणि दुरुस्तही करू नका, आता सुचते म्हणून त्या दिवसांत मागाहून काही भरू तर मुळीच नका, कारण जे पाहिले नव्हते ते पाहिल्यासारखे लिहिण्याची सवय लागली की पुढच्या खऱ्या नोंदींवरही तुमचाच विश्वास राहणार नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर निवडलेल्या दोन गोष्टींची नावे आणि आजची तारीख लिहावी, आणि पहिली नोंद ती पाहून झाल्यावर, उभ्या उभ्याच करावी.